जपानहून आलेल्या टोयोटात घड्याळ, आतला दिवा, रिमोट आणि स्टिरिओ एकदम बिघडले, तर आधी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की वापरलेली टोयोटा थेट जपानहून आली आणि तेव्हापासून घड्याळ रोज १:०० वर जातं, आतला दिवा लागत नाही, रिमोट चालत नाही, रेडिओला दोनच स्टेशनं लागतात, स्क्रीन जपानीत कसलासा नंबर मागते आणि गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी बोलते. मेकॅनिकच्या मते सगळी वायरिंग बदलावी लागेल. कृपया इतक्यात वायरिंगला हात लावू देऊ नका. यातल्या पहिल्या तीन गोष्टीच बिघाड आहेत, आणि तिन्हींचं मूळ बहुधा एकच आहे.

घड्याळ, आतला दिवा आणि रिमोटचा रिसीव्हर यांना चावी काढल्यावरही बॅटरीतून सतत करंट लागतो. बऱ्याच टोयोटांमध्ये तो 'डोम' नावाच्या एकाच फ्यूजमधून येतो. जहाजाच्या प्रवासात बॅटरी उतरू नये म्हणून असा फ्यूज काढून ठेवतात आणि पुढे तो लावायचा राहून जातो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. दोन शनिवार-रविवार मी डॅशबोर्ड उघडून एकेक वायर तपासली, आणि फ्यूज मिळाला बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये, जादा फ्यूज ठेवायच्या खाचेत. तुमचे ते चार दिवस वाचावेत असं मनापासून वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर जपानी लिहिलं असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घ्या. फ्यूज जागेवर दिसला तरी डोळ्यांवर विसंबू नका. मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या यंत्राची) काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल पिन फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे १२ व्होल्टच्या आसपास आले तर फ्यूज ठीक आहे. एकाच टोकाला आले तर तो उडालाय. दोन्हीकडे शून्य असेल तर करंट त्याच्याही आधी, मोठ्या फ्यूजवर किंवा वायरमध्ये अडलाय. नवा फ्यूज झाकणावर लिहिलेल्याच अँपिअरचा घ्या: ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा. तो लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज लावला तर फ्यूजऐवजी वायर जळेल. आधीच्या मालकाने डॅशकॅम, टीव्ही ट्यूनर असलं काही बसवताना जिथे मूळ वायर सोलून जोड दिलाय, तिथे आधी बघा.

आता उरलेल्या तिन्ही गोष्टी. बोलणारी बाई म्हणजे ईटीसी, जपानी टोलचं यंत्र. त्यात कार्ड नाही, एवढंच ती सांगत असते. यंत्राचा प्लग काढला की ती गप्प होते, फक्त सुटी टोकं नीट टेप करा.

रेडिओ बिघडलेलाच नाही. जपानचा एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या संचांत ९० ला संपतो; बहुतेक जगात तो ८७.५ ते १०८ असतो. म्हणून मधली दोन-तीन स्टेशनंच लागतात. अँटेनाच्या वायरमध्ये बँड एक्सपांडर बसवला की वरची स्टेशनं खाली सरकतात. १२ मेगाहर्ट्झचा असेल तर ९८.३ हे ८६.३ वर लागेल. पण जुन्या संचाचा पट्टाच १४ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे सगळी स्टेशनं त्यात मावणार नाहीत.

स्क्रीन मागते तो बहुधा चोरीविरोधी कुलपाचा कोड. बॅटरी काढली की काही टोयोटा नेव्हिगेशन संच लॉक होतात. कोड प्रत्येक संचाचा वेगळा असतो, तेव्हा अंदाजाने आकडे टाकत बसू नका. कोड मिळवायला पैसे भरण्याआधी एक विचार करा: नकाशे जपानचेच आहेत, रेडिओही अपुरा आहे. मी तरी सरळ दुसरा स्टिरिओ बसवला असता, पण फ्यूजचं काम झाल्यावरच. नाहीतर सततचा करंट नसल्यामुळे नवा स्टिरिओही रोज सेटिंग विसरेल.

काम करताना पिवळ्या वेष्टनाच्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. फ्यूजच्या दोन्ही टोकांना शून्यच आलं, तर फ्रेम नंबरचा (म्हणजे गाडीच्या चासी नंबरचा) फक्त पहिला भाग कळवा, 'एनझेडई१२१' असा काहीतरी असेल. कोणत्या मॉडेलचा फ्यूजबॉक्सचा नकाशा शोधायचा, ते त्यावरून ठरवता येईल.