डोंगराच्या टप्प्यावर नाव कुणाचं लावायचं?

जुलैत पेरण्या आटोपून डवरणी सुरू होते तेव्हाच तिकडे फ्रान्समध्ये टूर द फ्रान्स ही टप्प्याटप्प्याने होणारी सायकल शर्यत रंगात आलेली असते. आपलं घड्याळ त्यांच्या उन्हाळी वेळेपेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून डोंगराच्या टप्प्याचा शेवट आपल्याकडे बहुधा रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास दिसतो. वावरातून येऊन, जेवून बघण्याची वेळ. या वेळी आलेली पत्रं बहुतेक एकाच गोष्टीवर आहेत : कठीण टप्प्याचा अंदाज बांधायचा कसा.

प्रश्न : मी दरवेळी पिवळी जर्सी (एकूण वेळेत सगळ्यात पुढे असलेल्याची) ज्याच्या अंगात त्याचंच नाव लिहितो. २०२५ मध्ये माँ व्हाँतू डोंगराच्या टप्प्याला पिवळ्या जर्सीतल्या पोगाचारचं नाव लिहिलं, जिंकला भलताच. चूक कुठे होते? (वाचक, परतवाडा)

उत्तर : चूक नावात नाही, क्रमात आहे. तुम्ही आधी माणूस निवडला. आधी ठरवायचं ते वेगळंच : टप्पा पुढे निसटलेली टोळी जिंकणार, की मागून येणारे एकूण क्रमवारीचे दावेदार? याचं उत्तर चुकलं की लिहिलेलं नाव वाया जातं.

शंकरपटात जोडी घड्याळाशी धावते. सेकंद कमी लागले की निकाल लागला, शेजारच्या जोडीच्या मनात काय आहे याने फरक पडत नाही. डोंगराच्या टप्प्यात मात्र सगळ्यात तगडा गडी कधीकधी जिंकायला निघतच नाही. पिवळ्या जर्सीवाल्याकडे चार मिनिटांची आघाडी असेल तर त्याला फक्त प्रतिस्पर्ध्याला सोडायचं नसतं. पुढे गेलेली टोळी एकूण क्रमवारीत पंधरा-वीस मिनिटं मागे असेल, तर तिला पकडायला आपल्या सोबत्यांची ताकद जाळण्याचं त्याला कारण नाही. व्हाँतूला तेच झालं. सुट्टीच्या दिवसानंतरचा टप्पा, माँपेलिएपासून पायथ्यापर्यंत बहुतांश सपाट रस्ता, टोळीला मोकळीक मिळाली आणि वालाँताँ पारे-पँत्रने बेन हीलीला शेवटच्या झेपेत मागे टाकलं. पोगाचार आणि त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी व्हिंगेगो मागे एकमेकांशीच झुंजत होते. त्यांच्या पायांत ताकद होती, पण ती टप्प्यासाठी लागत नव्हती.

त्याच शर्यतीत चार टप्पे आधी ओताकामला उलटं घडलं. तो त्या वर्षीचा पहिला मोठा डोंगरावरचा शेवट होता आणि दावेदारांमधला हिशेब व्हायचा होता. पिवळी जर्सी हीलीच्या अंगात होती, ती काढून घ्यायची होती. पोगाचारच्या संघाने चढाच्या पायथ्याशीच वेग वाढवला, तो तिथूनच निघाला आणि व्हिंगेगोला २ मिनिटं १० सेकंद मागे ठेवून पोहोचला. आदल्याच दिवशी तूलूजला तो पडला होता, तरीही.

म्हणून आदल्या रात्री स्वतःला विचारा : पाठलाग कोण करेल, आणि त्याचा त्यात फायदा काय? एकाही संघासाठी नीट उत्तर सापडत नसेल तर टोळीतली नावं शोधायला लागा.

प्रश्न : टोळीतली नावं शोधायची म्हणजे कशी? दीडशेच्या वर खेळाडू असतात. (वाचक, वरूड)

उत्तर : चाळणी लावली की पंधरा-वीस उरतात. एकूण क्रमवारीत दहा मिनिटांपेक्षा कमी मागे असलेले काढून टाका, त्यांना कुणी सहज जाऊ देत नाही. ज्यांचा कर्णधार पिवळ्या जर्सीच्या झुंजीत आहे असे मदतनीस बहुतेक काढा, त्यांना कामासाठी मागे थांबावं लागतं. सपाट टप्प्यांवर शेवटच्या झेपेत जिंकणारे वेगाचे शेवटवीर तर डोंगरात वेळेच्या मर्यादेत पोहोचण्यासाठीच धडपडतात. उरलेल्यांत ज्यांच्या संघाला अजून एकही टप्पा मिळालेला नाही त्यांच्यापुढे खूण करा. तिसऱ्या आठवड्यात ही खूण फार बोलते.

मग सुरुवातीचे वीस किलोमीटर बघा. सुरुवात सपाट असेल तर टोळीत अंगापिंडाने मोठे, सपाटीवर जोर लावणारे घुसतात आणि हलके चढवीर मागे अडकतात. सुरुवातीलाच घाट असेल तर टोळीत चढवीर जातात आणि टोळी टिकण्याची शक्यता वाढते. ठिपक्यांच्या जर्सीचा, म्हणजे चढांवर सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याच्या जर्सीचा, हिशेबही बघा. सर्वोच्च श्रेणीच्या चढावर पहिल्याला २० गुण, पहिल्या श्रेणीला १०, दुसऱ्या श्रेणीला ५. त्या जर्सीमागे असलेला माणूस असे दोन-तीन मोठे चढ असलेल्या दिवशी घरी बसत नाही.

प्रश्न : नकाशात ‘सरासरी ७.८ टक्के’ असं लिहिलेलं असतं. त्यावरून टप्पा किती अवघड ते कळतं का? (वाचक, धारणी)

उत्तर : फार थोडं कळतं. टक्के म्हणजे शंभर मीटर अंतरामागे किती मीटर वर. तुमच्याच भागातलं घ्या. परतवाडा सुमारे ३७० मीटर उंचीवर, चिखलदरा सुमारे १,१००. रस्ता साधारण तीस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी अडीच टक्केसुद्धा येत नाही. पण त्या रस्त्याने सायकल नेलेल्या माणसाला विचारा, तो अडीच टक्के म्हणणार नाही, कारण सुरुवातीची सपाटी सरासरीला खाली ओढते आणि खरा घाट पुढे आहे.

आल्प्समधल्या कोल द ला लोझ घाटाचं तेच. चढ वीस किलोमीटरहून लांब, माथा २,३०४ मीटरवर, आणि मेरिबेलकडून जाताना माथ्याजवळच्या शेवटच्या भागात २० टक्क्यांहून तिखट तुकडे. तिथे वेग इतका उतरतो की पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवण्याचा फायदा जवळजवळ संपतो. संघ किती मजबूत, हा प्रश्नच उरत नाही. २०२३ मध्ये तिथे पोगाचार गळाला आणि व्हिंगेगोपासून पावणेसहा मिनिटं मागे पडला. टप्पा मात्र फेलिक्स गालने जिंकला. टप्पा कोण जिंकतं आणि दावेदारांत कोण सरस ठरतं, ही दोन उत्तरं वेगवेगळी असतात, हे इथेही लक्षात घ्या.

म्हणून नकाशा वाचताना सरासरी सोडा आणि एकेक किलोमीटरचा चढ बघा. सहा टक्क्यांच्या आत एकसारखा चढ असेल तर चाक धरून बसणारा वर पोहोचतो, मजबूत संघाला फायदा. ९ ते १२ टक्क्यांचे, वरखाली बदलणारे तुकडे असतील तर हलका आणि झटका मारणारा गडी निवडा. माथा २,००० मीटरच्या वर असेल तर हवेतला प्राणवायू विरळ होतो आणि उंचीवर सराव करून आलेल्याला किंमत येते. आल्प्समधल्या गालिबिये घाटाचा माथा २,६४२ मीटरवर आहे, ग्रानोँचा २,४१३ वर.

आणि दोन चढांमधली दरी मोजायला विसरू नका. यावरच सगळ्यात जास्त अंदाज कोसळतात. शेवटच्या आधीच्या चढावर एकट्याने निसटलेल्याला पुढे पंधरा-वीस किलोमीटर सपाट, वाऱ्याचं खोरं लागलं तर मागचा जथा त्याला आरामात गिळतो. दरी नसून लगेच उतार आणि लगेच चढ असेल तर तोच हल्ला टिकतो. उताराची करामत पाहायची तर २०२२ चा आल्प द्युएझचा टप्पा आठवा. टॉम पिडकॉकने गालिबियेच्या उतारावर जीव तोडून वेग घेतला, पुढची टोळी गाठली आणि टप्पा जिंकला. चढाचा टप्पा होता, पण पाया उतारावर रचला गेला.

प्रश्न : ‘किलोमागे सहा वॅट’ म्हणजे काय? आम्हाला घरबसल्या काढता येईल का? (शाळेतील गणिताच्या बाई, कारंजा)

उत्तर : अंगाच्या दर किलो वजनामागे पाय किती वॅट ताकद देतात, तो हा आकडा. बाई, काढता येईल, आणि वर्गात करून घेण्यासारखं आहे. आधी तासाला किती मीटर उंची चढली ते काढा. मग त्याला (२०० + चढाच्या टक्क्यांची दहापट) याने भागा.

आल्प द्युएझ १३.८ किलोमीटर, ८.१ टक्के, म्हणजे उंची सुमारे १,११८ मीटर. कुणी ४० मिनिटांत चढला तर तासाला १,६७७ मीटर. भागायचं २८१ ने. उत्तर ५.९७, म्हणजे किलोमागे सहा वॅट. ६२ किलोच्या माणसाला त्यासाठी ३७२ वॅट चाळीस मिनिटं सलग द्यावे लागतात.

पोरांसाठी जवळचं उदाहरण : घाटात ८ किलोमीटरमध्ये ४०० मीटर उंची, ३२ मिनिटं. तासाला ७५०, चढ ५ टक्के, भागायचं २५० ने. किलोमागे ३ वॅट. रोज शाळेत सायकलने येणाऱ्या पोराला हे आलं तर त्याची पाठ थोपटा.

चुकतं कुठे? पाच टक्क्यांखालच्या चढावर हे सूत्र भरवशाचं नाही, कारण तिथे वाऱ्याचा वाटा मोठा होतो. पाठीवर वारा असेल तर आकडा फुगतो, समोरून असेल तर पडतो. चढ कुठून मोजायला सुरुवात केली यानेही दोन-तीन टक्के सहज सरकतात. आणि मुख्य म्हणजे ताज्या पायांनी केलेले सहा वॅट आणि दोन मोठे घाट ओलांडून, साडेचार तासांनी केलेले सहा वॅट यांची तुलना करू नका. छोट्या शर्यतीत एकाच चढावर चमकलेला खेळाडू तीन घाटांच्या दिवशी शेवटच्या चढावर विरघळतो, ते याच कारणाने. मागचा निकाल बघताना तो कितव्या तासाचा आहे, हे आधी बघा.

याच हिशेबातून एक उपयोगी अंदाज निघतो. दावेदार ४० मिनिटांचा शेवटचा चढ ६.२ वॅटने चढले आणि थकलेली टोळी ५.४ ने, तर टोळीला सुमारे ४६ मिनिटं लागतील. म्हणजे द्युएझसारख्या चढावर किलोमीटरमागे साधारण २५ सेकंद जातात. पायथ्याशी टोळीकडे सात मिनिटं असतील तर ती वाचते, चार असतील तर बहुधा नाही. अर्थात दावेदार पायथ्यापासून पूर्ण जोर लावतील हे धरून. पुष्कळदा ते शेवटच्या पाच-सहा किलोमीटरपर्यंत एकमेकांकडे बघत राहतात, तेव्हा तीन मिनिटंही पुरतात.

प्रश्न : सायकल एक किलोने हलकी असेल तर किती फरक पडतो? (वाचक, देवळी)

उत्तर : माणूस आणि सायकल मिळून सत्तर किलो धरले तर चाळीस मिनिटांच्या चढावर एका किलोमागे सुमारे अर्धा मिनिट. पण नियमाने सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही आणि सगळे मोठे संघ त्या आकड्याच्या आसपासच असतात. अंदाजासाठी हे सोडून द्या.

प्रश्न : शर्यत सुरू असताना, शेवटच्या चढाच्या आधी, कोण गळणार हे ओळखता येतं का? (वाचक, वणी)

उत्तर : बऱ्याचदा येतं, पण तोंडाकडे बघून नाही. तोंड वेडंवाकडं करून जिंकणारे खूप आहेत. सोबती मोजा. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी दावेदाराजवळ दोन मदतनीस उरले असतील तर ठीक. एकही नसेल आणि समोरच्याकडे तीन असतील तर त्याला प्रत्येक हल्ल्याला स्वतःच उत्तर द्यावं लागतं. २०२२ च्या ग्रानोँच्या टप्प्याला व्हिंगेगो आणि त्याच्याच संघातला रोग्लिच आळीपाळीने गालिबियेवर पोगाचारवर चालून गेले. त्याने सगळ्यांना उत्तर दिलं, तिथे तो अजिंक्य दिसत होता. ११.३ किलोमीटरच्या, ९.२ टक्क्यांच्या ग्रानोँवर त्याची किंमत वसूल झाली : २ मिनिटं ५१ सेकंद.

खाणंही बघा. चांगला संघ तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात घालतो. तापलेल्या दिवशी मानेमागे बर्फाची पिशवी, अंगावर पाणी. ज्याला दोन तास बाटली किंवा पुडी घेताना पाहिलं नाही, त्याच्यावर नाव लावू नका. उन्हात पाण्याविना डवरा धरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि पुढच्या टोळीत दावेदाराच्या संघाचा एखादा गडी आहे का ते शोधा. २०२५ च्या जिरो दि’इतालियामध्ये, म्हणजे इटलीतल्या अशाच शर्यतीत, विसाव्या टप्प्याला, कोल्ले देल्ले फिनेस्त्रेच्या कच्च्या रस्त्यावर सायमन येट्स निसटला. त्याच्याच संघातला वाउट व्हॅन आर्ट टोळीतून आधीच पुढे होता. माथ्यापलीकडे तो येट्ससाठी थांबला आणि दरीत त्याला ओढत नेलं. मागे गुलाबी (तिथल्या आघाडीवीराच्या) जर्सीतला देल तोरो आणि कारापाझ एकमेकांवर नजर ठेवून राहिले. येट्स शर्यत जिंकला. त्या दिवशीचा टप्पा मात्र टोळीतल्या क्रिस हार्परचा.

प्रश्न : आमच्या वाचनालयात दहा-बारा पोरं अंदाजाची वही ठेवतात, पैसे नाहीत. गुण कसे द्यावेत? सगळे एकच नाव लिहितात आणि मजा जाते. (वाचक, पुसद तालुका)

उत्तर : पैसे नाहीत हे उत्तम, तसंच ठेवा. वहीत आधी एक ओळ सक्तीची करा : टोळी की दावेदार. बरोबर आलं तर ३ गुण, नाव चुकलं तरी. मग पाच नावं. त्यांतला कुणी जिंकला तर ५ गुण, पहिल्या पाचांत आला तर १. एकच नाव निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलं असेल तर त्याचे गुण निम्मे करा, म्हणजे मुलं चाळणी लावायला शिकतील. सहाव्या ओळीत कारण लिहायला लावा, एकाच वाक्यात. त्याला गुण देऊ नका.

वही टप्पा सुरू होण्याआधी बंद करा, आपल्याकडे दुपारी बाराच्या आत धरून चाला. त्याआधी त्या दिवशीची हजेरी बघून घ्या. आदल्या दिवशी पडलेला, ताप आलेला खेळाडू सकाळी सुटतच नाही आणि त्याचं नाव वहीत तसंच राहतं. सुरुवातीपूर्वी माघार घेतलेल्याच्या जागी दुसरं नाव लिहायची मुभा द्या. सुटल्यानंतर पडला तर मात्र नाही.