रिकाम्या जागेची किंमत: एचआरमधल्या नव्या मंडळींचे प्रश्न

अप्रेझल (वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन) झाली की एकाच साच्याचे प्रश्न येऊ लागतात. साहेबांनी शेरा मारलेला असतो, 'काम चांगलं, पण बिझनेस कळत नाही.' म्हणजे नेमकं काय कळत नाही, ते मात्र कोणी सांगितलेलं नसतं. नोकरीला एक ते चार वर्षं झालेल्यांचे सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: एमबीए एचआरमध्ये केलं आहे. आता फायनान्सची वेगळी पदविका करू का? (भोसरी)

आत्ता नको. आधी आपल्या कंपनीची तीन सगळ्यांत मोठी गिऱ्हाइकं कोण आणि ती पैसे किती दिवसांनी देतात, ते शोधून काढा.

प्रश्न: 'एचआर बिझनेस पार्टनर' (धंद्याच्या निर्णयांत साथ देणारा एचआरवाला) व्हायचा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स आहे. फी ४५,००० रुपये, हप्त्यांची सोय आणि नोकरीची हमी. घ्यावा का? (कोल्हापूर)

नाही. नोकरीची हमी देणाऱ्याला आधी ती हमी लेखी मागा आणि नोकरी लागली नाही तर पैसे कधी परत करणार, ते वाचा. 'हप्त्यांची सोय' म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. क्लास बंद पडला तरी ते फेडावं लागतं. खर्चलेखनाची तोंडओळखच हवी असेल तर सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर फुकट शिकता येतं. प्रमाणपत्र हवं असलं तरच परीक्षेची फी भरावी लागते. तरीही घ्यायचाच असेल, तर सही करण्याआधी करारपत्र एखाद्या वकिलाला दाखवा.

प्रश्न: आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. नफ्याचे आकडे कोणी दाखवत नाही. मग शिकू कुठून? (रांजणगाव)

तुमच्याच धंद्यातली शेअर बाजारात नोंदलेली एखादी कंपनी घ्या. तिचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. नफा-तोटा पत्रकात कर्मचाऱ्यांवरचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवलेला असतो, त्याला विक्रीने भागा आणि पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहा. इथे एक फसगत सांभाळा. ठेकेदाराच्या माणसांवरचा खर्च बऱ्याचदा त्या ओळीत नसतो, तो 'इतर खर्चा'त जातो. त्यामुळे पर्मनंट कमी करून ठेकेदारी वाढवली की कागदावर कंपनी एकदम काटकसरी दिसू लागते. नवी मुलं इथेच फसतात.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर अहवाल (कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा) देणं सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, सक्तीचं केलं आहे. त्यात कर्मचारी आणि कामगार सोडून जाण्याचं प्रमाण वेगवेगळं दिलेलं असतं, तेही तीन वर्षांचं. स्पर्धकाची अॅट्रिशन किती, हे कन्सल्टंटला पैसे देऊन विचारायची गरज नाही. आणि तुमच्या कंपनीचे आर्थिक ताळेबंदही कंपनी निबंधकाकडे दाखल होतात, थोडं शुल्क भरून पाहता येतात. मात्र ते पाहून कॅन्टीनमध्ये चर्चा करू नका. शंका असतील त्या अकाउंट्सच्या प्रमुखांना वेळ मागून विचारा.

प्रश्न: आमच्याकडे ऑपरेटर फार सोडून जातात. 'एक माणूस गेला की वार्षिक पगाराच्या दीडपट नुकसान' असं मी प्रेझेंटेशनमध्ये लिहिलं. फायनान्सच्या साहेबांनी विचारलं, 'हा आकडा कुठला?' मला सांगता आलं नाही. (वाळूज)

त्यांनी अगदी बरोबर विचारलं. हा दीडपटीचा आकडा मी इतक्या स्लाइडवर पाहिला आहे की आता राग येतो. कुठल्या देशातला, कुठल्या पदाचा, कोणी मोजलेला, कशाचाच पत्ता नसतो. एकाचं दुसऱ्याने उतरवून घेतलेलं असतं. आणि असा एक आकडा पकडला गेला की तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आपण मोजू या. आकडे उदाहरणादाखल आहेत, त्या जागी तुमचे घाला. पीएफ, ईएसआय (कामगार विम्याची वर्गणी) सोपेपणासाठी सोडले आहेत. ऑपरेटरचा पगार महिना १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागल्यावर दिवसाला ६००, तासाला ७५. जागा २० दिवस भरली गेली नाही. त्याचे आठ तास भरून काढायला चार जण रोज दोन-दोन तास जादा थांबले. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे तासाला १५० आणि दिवसाला १,२००. गेलेल्या माणसाचे ६०० वाचले, तेव्हा जादा खर्च रोज ६००, वीस दिवसांचे १२,०००. त्यातले शेवटचे चार दिवस नवा माणूस शेजारी उभा राहून शिकत होता, त्याचा पगार २,४००. तो मशीनवर उभा राहिल्यावर पहिले १५ दिवस रिजेक्शन २ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेलं. रोज ४०० नग धरले तर १२ नग जास्त खराब. नगाला कच्चा माल ९० रुपयांचा, भंगारात ३० परत आले. दिवसाला ७२०, पंधरा दिवसांचे १०,८००. सगळं मिळून २५,२००. दीड महिन्याच्या पगाराहून थोडं जास्त. तुमच्या स्लाइडप्रमाणे ते २,८०,८०० व्हायला हवं होतं.

पण थांबा, अर्धंच झालं आहे. तीच जागा बॉटलनेक मशीनवरची धरा, जे थांबलं की सगळी लाइन थांबते. ओव्हरटाइमला माणूस मिळाला नाही आणि एक शिफ्ट मशीन बंद राहिलं. विक्रीतून कच्चा माल वजा जाता नगामागे ७० रुपये उरत असतील, तर ४०० नगांचे २८,००० एका शिफ्टमध्ये गेले. वरची सगळी बेरीज एका दिवसात मागे पडली! उलट ज्या मशीनच्या पुढे दोन दिवसांचा तयार माल पडून असतो, तिथली जागा दोन दिवस रिकामी राहिली तरी डिस्पॅचला काही फरक पडत नाही. पद एक, पगार एक, नुकसान मात्र कुठल्या कुठे.

म्हणून अॅट्रिशनची नुसती टक्केवारी नेऊन दाखवू नका. कोणत्या मशीनवरची माणसं जात आहेत आणि ती जागा भरायला तुमच्या खात्याने किती दिवस लावले, ते दाखवा. बायोडेटा टेबलावर आठवडाभर पडून राहिला असेल तर त्या आठवड्याची किंमतही याच हिशेबात येते, आणि ती एचआरची आहे. बॉटलनेक कुठे आहे हे तुमच्या फाइलीत सापडणार नाही, प्लॅनिंगवाल्याला विचारा. मालाचे दर फायनान्सकडून घ्या, रिजेक्शन क्वालिटीकडून, आणि स्लाइड दाखवण्याआधी बेरीज त्यांच्याकडूनच तपासून घ्या. ओव्हरटाइमच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. 'जादा थांबवू' असं कोणाला कबूल करण्याआधी कामगार कायद्याच्या सल्लागाराशी बोला.

प्रश्न: नव्या कामगार संहितांमुळे हातात येणारा पगार कमी होणार, असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. कामगार रोज विचारतात. काय सांगू? (सातपूर)

फॉरवर्ड वाचून कामगारांना उत्तर देऊ नका. चारही संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर तो वरचा भाग आता वेतनात धरला जातो. मूळ वेतन आधीच १५,००० किंवा त्याहून जास्त असेल आणि पीएफ त्या मर्यादेवरच कापला जात असेल, तर कपात बदलत नाही. मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून बाकी भत्त्यांत दिलं असेल, तिथे बदलू शकते. म्हणजे उत्तर माणसागणिक वेगळं आहे.

धंद्याच्या बाजूने पाहायचं ते ग्रॅच्युइटीकडे, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायच्या रकमेकडे. शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. दहा वर्षं झालेल्या माणसाचं वेतन जुन्या हिशेबाने १५,००० धरलं तर सुमारे ८६,५०० होतात, नव्या व्याख्येने २०,००० धरलं तर सुमारे १,१५,४००. एका माणसामागे जवळपास २९,००० वाढले. शिवाय ठरावीक मुदतीवर घेतलेल्यांना आता एका वर्षाच्या सेवेवरही हक्क मिळतो. 'बघू नंतर' म्हणून हे टाळणाऱ्या कंपन्या पाहतो आहे. तरतूद आज केली नाही तरी देणं वाढायचं थांबत नाही. पगाराची यादी घेऊन अॅक्च्युअरी (पुढच्या देण्यांचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ) आणि कायदा सल्लागार या दोघांनाही भेटा, मगच कामगारांशी बोला.

प्रश्न: सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला एचआरला बोलावत नाहीत. आपण होऊन जावं का? (चाकण)

जा. प्लांट हेडना आदल्या दिवशी विचारा आणि भिंतीला टेकून उभे राहा. पहिला महिना काही बोलू नका, कालचं टार्गेट, निघालेला माल, थांबलेलं मशीन आणि गैरहजेरी एवढं वहीत लिहा.

मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्यात चाळीस ट्रेनी भरले. मागणीपत्रावर सही होती, मला तेवढं पुरलं. मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर कमी केल्याचं त्या मीटिंगमध्ये तीन आठवडे बोललं जात होतं आणि मी एकदाही तिथे गेलो नव्हतो. चार महिन्यांनी त्यातल्या सव्वीस मुलांना परत पाठवायचं काम माझ्याकडेच आलं. काही जण पहिली नोकरी म्हणून गावाहून आले होते, खोलीचं डिपॉझिट भरून.