हायस्पीड कॅमेरा: आधी एक्स्पोजर ठरव

फ्रेमरेटचा (सेकंदाला किती फ्रेम) विचार नंतर, आधी एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी सेन्सरवर उजेड पडू द्यायचा वेळ. १०० मिमी रुंदीचं दृश्य १००० पिक्सेलवर घेतलंस, तर एक पिक्सेल म्हणजे ०.१ मिमी. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारी वस्तू तेवढं अंतर ५ मायक्रोसेकंदांत कापते. एक्स्पोजर याहून वाढलं की कडा पुसट होणारच, आणि मोजमापात ती चूक तशीच उतरते. इतक्या कमी वेळाला भरपूर उजेड लागतो. डीसीवरचाच (एकाच दिशेच्या स्थिर विजेवरचा) एलईडी घे, एसीवरच्या साध्या दिव्याचा उजेड कमी-जास्त होतो, त्याने फ्रेम उजळ-काळोख्या येतात.

कॅमेरा तापल्यावर लेन्सला झाकण लावून ब्लॅक कॅलिब्रेशन कर, म्हणजे पूर्ण काळोख कसा दिसतो ते कॅमेऱ्याला ठरवू दे. ट्रिगर (रेकॉर्डिंगचा क्षण ठरवणारा इशारा) ‘एंड’वर ठेवलास तर बटण दाबण्याआधीचं चित्रण जपलं जातं, म्हणून घटना घडून गेल्यावर बटण दाबलं तरी चालतं. मात्र रेकॉर्डिंग रॅममध्ये असतं. सेव्ह होण्याआधी वीज गेली, की सगळं गेलं.