व्हॅनमधली मोठी पोरं पहिलीतल्या लेकराला त्रास देतात, काय करू?

ताई, शिरपूरकडून जळगावात आलात, लेकरू पहिलीत, व्हॅनमधली चौथी-पाचवीची पोरं त्याच्या अहिराणीला हसतात, डबा हिसकतात आणि घरचे म्हणतात 'तू पण दे दोन ठेवून', हे वाचून फार वाईट वाटलं. मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलंय म्हणून सांगते, ठेवून द्यायला शिकवू नका. समोरचा तीन-चार वर्षांनी मोठा, हा जास्त मार खाईल आणि वर भांडखोर म्हणून नाव याचंच होईल. 'लक्ष देऊ नको' पण नको, डबाच ओढून घेतला तर लक्ष कसं नाही देणार तो?

हे प्रकार मॅडमसमोर सहसा होत नाहीत. होतात व्हॅनच्या मागच्या सीटवर, नळापाशी, बाथरूमकडे, जिथे मोठ्या माणसाचं लक्ष नसतं तिथे. म्हणून आधी ड्रायव्हर दादांना भेटा, याला रोज पुढे त्यांच्या जवळ बसवा म्हणा. घरी एकच वाक्य पक्कं करून घ्या, 'माझा डबा दे, मी दादांना सांगतो', मोठ्याने म्हणायचं आणि लगेच दादांना सांगायचंच. तुम्ही तो मोठा पोरगा बना, खेळ म्हणून रोज करा, नाहीतर ऐनवेळी लहान लेकराच्या तोंडून शब्दच फुटत नाही. आणि त्याने काही सांगितलं की 'तू काय केलं होतंस?' हे पहिलं विचारू नका हं, पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

अहिराणी मात्र घरात अजिबात बंद करू नका. आजीशी बोलू दे तसंच. शाळेची मराठी या वयात लेकरं ऐकून ऐकून पटकन उचलतात, पण आपल्या बोलीची लाज एकदा मनात बसली की निघता निघत नाही. मॅडमना सांगा, वर्गात एखादं अहिराणी गाणं म्हणायला लावा त्याला.

त्या पोराच्या घरी थेट भांडायला जाऊ नका, गोष्ट मोठ्यांच्या भांडणावर जाते आणि लेकरू बाजूलाच राहतं. शाळेत अर्ज लेखी द्या, तारीख, काय झालं, कुणी पाहिलं, आणि पोच घ्या. वर्गशिक्षिकेने नाही ऐकलं तर मुख्याध्यापक. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिच्याबद्दलही विचारा. मारहाण होत असेल आणि शाळा ढिम्म असेल तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.