उपाशी पोटी धावू नकोस

पोरी,

भरतीच्या सरावात 800 मीटर धावताना हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तू म्हणतेस चरबी जळत असेल. तुझा रागच आला मला. चरबी जळताना कोणी कापत नाही. वजन उतरवायला रात्रीचं जेवण बंद, पहाटे नुसता काळा चहा आणि वर धावणं, मग रक्तातली साखर उतरणार नाही तर दुसरं काय होणार? पुन्हा तसं झालं तर लगेच खाली बस, तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटं थांब आणि मग काहीतरी खा. त्या दिवशी पुन्हा धावायचं नाही.

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो, त्यात बरंचसं पाणीच असतं.

जेवण सोडू नकोस, तेल सोड. आपल्याकडे झुणक्यावर कच्च्या तेलाची धार सोडल्याशिवाय घास उतरत नाही. त्या एका मोठ्या चमच्यात 120 कॅलरी असतात, जवळपास एका पोळीएवढ्या! भाकर दोनाऐवजी एक घे, पण वरण पातळ नको, वाटीभर घट्ट घे. 60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. वरण, फुटाणे, दही, चालत असेल तर अंडी, यातून ती जमतात. गोळा फेकायला दंडात बळ नको का? पहाटे निघताना एक केळं किंवा मूठभर फुटाणे खा. आणि सोमवारच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरेल ही आशा सोड, बाई. तो नुसता स्टार्च, वर तेल आणि दाण्याचा कूट.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो. घामासोबत मीठही जातं, म्हणून ताकात चिमूटभर मीठ घालत जा.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी रक्त वाढवायचं, वजनाचं नंतर. पाळी चुकत असेल तर तेही सांग, लाजू नकोस. सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर तीही कर. आपल्या भागात तो आजार आहे, आणि त्यात उपाशी-तहानलेलं राहून धावणं जिवावर बेतू शकतं. घरात कोणाच्या मधुमेहाच्या गोळ्या असतील तर वजनासाठी त्यांना हात लावायचा नाही.

बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातेसच, तेव्हाच जाऊन ये. रिपोर्टचे आकडे कळव, मग सरावाचं वेळापत्रक ठरवू.