पतंगी कागदाचा कोलाज: रंग का पसरतो, पुठ्ठा का वाकतो?

तुमचा प्रश्न असा: पतंगी कागदाचे तुकडे फेविकॉलने कार्डशीटवर लावले की रंग पसरतो, शीट वाकते आणि वर स्केचपेन धरत नाही, पुण्यात यासाठी वेगळं सामान मिळतं का? मिळतं, पण तिन्ही अडचणींच्या मुळाशी पाणी आहे. तेवढं आवरलं की आहे त्याच कागदात काम होतं.

आधी कागद तपासा. बोहरी आळीत किंवा अप्पा बळवंत चौकात मिळणारा पतंगाचा आणि पताकांचा कागद बहुधा कच्च्या रंगाचा असतो. नखाएवढा तुकडा ओला करून पांढऱ्या कागदावर मिनिटभर दाबा. डाग पडला तर रंग कच्चा. लाल, राणी आणि जांभळा हमखास सुटतात. असा कागद टाकून देऊ नका. जाड कागद नुसत्या पाण्याने भिजवून त्यावर तुकडे पसरा, पूर्ण वाळल्यावर उचला. खाली जलरंगासारखी पार्श्वभूमी उरते. तो रंगही पाणी लागलं की पुन्हा सुटतो, म्हणून त्यावर फिक्सेटिव्हचे (रंग धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन हलके फवारे मारून, वाळवून मगच डिंक, म्हणजे पाणी घातलेला फेविकॉल, लावा.

कार्डशीट मात्र बदला. ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) जलरंगाचा कागद घ्या आणि चारही कडा टेपने पाटाला चिकटवून काम करा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड कागदही सुंदर दिसतो, फक्त तो पाणी जास्त पितो. आधी डिंकाचा एक पातळ हात देऊन वाळवा. शीट वाकते कारण वाळताना डिंक एकाच बाजूने ओढतो. मागूनही तसाच हात दिला की ओढ सारखी होते.

डिंकाचं प्रमाण: दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. याहून पातळ केलंत तर रंग जास्त सुटतो. घट्ट ठेवलंत तर ब्रश अडकून कागद फाटतो.

खरं कौशल्य तुकडा ठेवण्यात आहे. इंचभर रुंद मऊ ब्रशने तुकड्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर डिंक लावा. तुकडा दोन कोपऱ्यांत धरून मधला भाग आधी टेकवा, मग कडा सोडा. टेकल्यावर सरकवायचा नाही, सरकवला की फाटलाच. वरून ब्रश मधून कडेकडे, एकदाच. सुरकुती पडली तर राहू द्या, झाडाच्या सालीला, डोंगराच्या उताराला ती शोभते. कडा शक्यतो हातानेच फाडा. कागद एका दिशेने सरळ फाटतो, आडव्या दिशेने दातेरी. दोन्ही करून बघा आणि हवी ती कड निवडा.

डिंक लागला की हा कागद पारदर्शक होतो, म्हणून खालचा रंग वर येतो. पिवळ्यावर राणी ठेवलात तर झकास केशरी मिळतो, पर्वतीमागची संध्याकाळ एवढ्यात उभी राहते. पिवळ्यावर जांभळा मात्र मातकट होतो. माझ्या मते तीन थरांवर जाऊच नये. प्रत्येक थर वाळू द्या; पावसाळ्यात याला फार वेळ लागतो आणि चिकटपणा राहतो, तेव्हा पंख्याखाली ठेवा. दाबून ठेवायचं तर मध्ये बटर पेपर नको, तो चिकटतो. प्लास्टिकचा कागद घाला.

स्केचपेन धरत नाही कारण वाळलेला फेविकॉल गुळगुळीत असतो. त्यावर ॲक्रिलिक मॅट मीडियमचा (चमक नसलेल्या पारदर्शक लेपाचा) हात द्या, थोडा खरखरीतपणा येतो. मग आधी वॉटरप्रूफ शाई, शेवटी पेस्टल, त्यावर फिक्सेटिव्ह. स्केचपेन पाण्यात सुटतं, ते या कामात नकोच.

फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून काच चित्रापासून सुटी ठेवा. हे रंग उन्हात लवकर उडतात, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीसमोर चित्र लावू नका, आणि तयार झाल्याबरोबर एक चांगला स्कॅन काढून ठेवा.