गोल फिरतंय की धक्के खातंय?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे: घरच्या कॉम्प्युटरवर मालिका किंवा मॅच लावली की चित्र अडकतं. उत्तरांकडे वळण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट नीट पाहावी. चित्र थांबून मधोमध गोल फिरतं का? की गोल न फिरता, आवाज सुरळीत चालू असताना, चित्र तेवढं धक्के खात पुढे सरकतं? पहिल्या प्रकारात माहिती वेळेवर पोचत नसते, दुसऱ्यात पोचलेली माहिती कॉम्प्युटरला वेळेत दाखवता येत नसते. पहिल्या दुखण्यावर नवा लॅपटॉप घेऊन उपयोग नाही आणि दुसऱ्यावर महागडा प्लॅन घेऊन नाही. लोक नेमके हेच दोन खर्च उलटसुलट करून बसतात, म्हणून हे आधी सांगितलं.

प्रश्न : आम्ही १४ व्या मजल्यावर राहतो. १०० एमबीपीएसचं फायबर आहे, राउटर हॉलमध्ये दाराशी आणि कॉम्प्युटर आतल्या बेडरूममध्ये. कॉम्प्युटरला मागच्या बाजूने वायफायचा डोंगल लावला आहे. चित्रपट नीट चालतो, पण लाइव्ह मॅच लावली की दर दोन-तीन मिनिटांनी गोल फिरायला लागतं. हॉलमध्ये मोबाइलवर स्पीड ९० दाखवतो. कंपनीचा माणूस म्हणतो, लाइन ठीक आहे.
— वाचक, खारघर

उत्तर : तो माणूस बहुधा बरोबर सांगतो आहे. मोबाइलवरचा ९० हा आकडा हॉलमधला आणि मोबाइलचा. बेडरूममधल्या डोंगलपर्यंत काय पोचतं ते त्यातून कळत नाही.

फुल एचडी चित्राला फार वेग लागतच नाही. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. तुमच्याकडे वेग भरपूर आहे, कमी पडतं आहे ते सातत्य. चित्रपट चालू असताना प्लेअर पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये आठ-दहा सेकंद वायफाय गेलं तरी तुम्हाला पत्ताही लागत नाही. लाइव्ह मॅचमध्ये पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, मग साठवणार काय? काही सेकंदांची शिल्लक असते, ती संपली की गोल. चित्रपट चालतो आणि मॅच अडकते, यात गूढ काही नाही.

आता दोष घरात आहे की बाहेर, ते पाहा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘सीएमडी’ लिहा आणि एंटर करा. काळ्या खिडकीत पिंग हा शब्द इंग्रजीत लिहा, जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एन, पुन्हा जागा सोडून १००, मग राउटरचा पत्ता. हा पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करायचे. शंभर ओळी येतील. प्रत्येक ओळीत १ ते ५ मिलिसेकंद दिसले तर घरातलं वायफाय निरोगी आहे. मध्येच १५०, ३०० असे आकडे उसळले किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर दोष कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधल्या अंतरात आहे. नंतर हीच चाचणी घराबाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर करा. इथे आकडा थोडा मोठा येणारच, पण तो स्थिर हवा. पहिली चाचणी स्वच्छ आणि दुसरीत गळती (आकडे उसळणं किंवा ‘टाइम्ड आउट’) असेल, तरच कंपनीला फोन करा.

माझा संशय डोंगलवर आहे. सीपीयूच्या पत्र्याच्या पेटीमागे, भिंतीला लागून, जमिनीजवळ: वायफायसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. त्यात शेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर आणखी भर. यूएसबी ३ चालू असताना जो विद्युत गोंगाट होतो तो नेमका वायफाय वापरतं त्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पसरतो, म्हणजे डोंगलच्या कानाशीच. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणा आणि डोंगल टेबलावर, उघड्यावर ठेवा. बऱ्याच घरांत एवढ्यावर काम भागतं.

भागलं नाही तर चॅनेल, म्हणजे वायफायची लेन, पाहा. टॉवरमध्ये वायफायची यादी उघडली की वरच्या-खालच्या मजल्यांची मिळून वीस-पंचवीस नावं दिसतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यांतला सर्वांत मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ४० केली की तुम्ही शेजाऱ्यांची आणि ते तुमची वाट अडवतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला गर्दी कमी असते, पण आरसीसी भिंत आणि टाइल्स लावलेलं बाथरूम मध्ये आलं की ते लवकर दमतं. शिवाय डोंगल फक्त २.४ चा असेल तर ५ चं नाव वायफायच्या यादीत येणारच नाही.

कायमचा इलाज मात्र वायर. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत नेटवर्कची कॅट ६ केबल, केसिंग पट्टीतून, स्कर्टिंगच्या कडेने. १०० मीटरपर्यंत तिला काही फरक पडत नाही. जोडल्यावर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे असतील तर १००० दिसायला हवा. त्याऐवजी १०० दिसला तर आठपैकी एखादी तार क्लिपमध्ये नीट बसलेली नाही, कारण १०० साठी चारच तारा लागतात. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा असावा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप उजेडात धरली की हे रंग पारदर्शक प्लास्टिकमधून ओळीने दिसतात. वायरमनसमोरच तपासून घ्या.

वायफाय पुढे पोचवणाऱ्या स्वस्त रिपीटरच्या नादी लागू नका. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्यावरच पुढे सांगायचं, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

प्रश्न : ऑफिसच्या लॅपटॉपवर रात्री मालिका लावली की सतत गोल फिरतं. त्याच वायफायवर मुलाच्या टॅबवर मात्र छान दिसतं.
— वाचक, ऐरोली

उत्तर : बहुधा व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉपला ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी वाट, चालू राहिलं आहे. तुमची मालिका आधी ऑफिसच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून फिरून घरी येते. काम संपल्यावर व्हीपीएन तोडून पाहा. ते आपोआप जोडलं जात असेल तर त्याच्या मागे लागू नका, तो ऑफिसचा नियम आहे. मालिका टॅबवर बघा.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६ चा, इंटेल आय ३ प्रोसेसर ६ व्या पिढीचा, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. गोल फिरत नाही, आवाज नीट येतो, पण चित्र झटके देतं आणि पंखा जोरात घोंगावतो. नेटचा प्लॅन वाढवला, फरक शून्य.
— वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : प्लॅन पुन्हा खाली आणा. हे दुखणं मशीनचं आहे आणि त्याचा पुरावा दोन मिनिटांत मिळतो. यूट्यूबवर कुठलाही व्हिडिओ लावा, चित्रावर राइट क्लिक करा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. कोपऱ्यात काळी चौकट येईल. तिच्यातल्या तीनच ओळी वाचा. ‘बफर हेल्थ’ म्हणजे किती सेकंदांचा साठा आहे. तो वीस-तीस असेल तर नेट निर्दोष. ‘फ्रेम्स’च्या ओळीतलं ‘ड्रॉप्ड’ म्हणजे दाखवायची राहून गेलेली चित्रं; हा आकडा तुमच्याकडे भराभर वाढताना दिसेल. तिसरी ओळ ‘कोडेक्स’, आणि खरं कारण तिथे लिहिलेलं असतं.

व्हिडिओ दाबून, घडी घालून पाठवला जातो. ती घडी घालायची रीत म्हणजे कोडेक. यूट्यूब हल्ली बहुतांश व्हिडिओ व्हीपी ९ किंवा एव्ही १ या रीतीने पाठवतं. ती घडी उलगडायचं वेगळं सर्किट चिपमध्ये असलं तर काम अलगद होतं, नसलं तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. इंटेलमध्ये व्हीपी ९ चं पूर्ण सर्किट ७ व्या पिढीपासून आणि एव्ही १ चं ११ व्या पिढीपासून आलं. तुमची पिढी ६ वी. एच २६४ ही जुनी रीत मात्र तिला हार्डवेअरमध्ये उत्तम येते. तेव्हा क्रोममध्ये ‘एच २६४ इफाय’सारखं एक्स्टेन्शन टाका. यूट्यूबला तीच रीत वापरायला ते भाग पाडतं. १०८० च्या वरचा दर्जा मग मिळणार नाही, पण या लॅपटॉपच्या स्क्रीनला तो लागतही नाही.

सोबत क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’खाली ‘ग्राफिक्स अॅक्सलरेशन’ चालू आहे ना, ते पाहा. कुणीतरी इंटरनेटवर वाचून ते बंद करतं आणि विसरतं. खात्री करायला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूवर (चित्राचं काम करणाऱ्या चिपवर) जा. व्हिडिओ चालू असताना ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख हलत असेल तर काम योग्य जागी होतं आहे.

त्याच खिडकीत सीपीयूवर जाऊन ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ ताडून बघा. भार असतानाही चालू वेग बेसच्या निम्म्याहून खाली घसरत असेल, तर लॅपटॉप तापून स्वतःला आवरतो आहे. (चार्जर काढलेला असताना आणि बॅटरी सेव्हर चालू असतानाही असं दिसतं, म्हणून चार्जर लावून बघा.) मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडलगतच्या घरांत बारीक धूळ खूप येते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ती पंख्यामागच्या पातळ पात्यांवर राखाडी गादीसारखी चिकटते. मागचं झाकण उघडून ती ब्रशने काढायची. ब्लोअर मारताना पंख्यात टूथपिक अडकवून तो धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. इतक्या वर्षांत चिपवरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून भुसा झालेली असते. तीही नवी लावून घ्या.

शेवटी डिस्क. टास्क मॅनेजरमध्ये ती १०० टक्क्यांवर अडलेली दिसली, तर बहुधा ४ जीबी रॅम अपुरी पडून विंडोज हार्ड डिस्कला रॅमसारखं वापरतं आहे. हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी आणि एकूण ८ जीबी रॅम, या दोन गोष्टींनी हा लॅपटॉप आणखी काही वर्षं घरगुती कामाला येईल. रॅम घेण्याआधी जुनी पट्टी काढून दुकानात न्या. ६ व्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये डीडीआर ३ एल आणि डीडीआर ४ दोन्ही यायच्या, आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

प्रश्न : नवा फोर-के टीव्ही जुन्या लॅपटॉपला एचडीएमआयने जोडला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर मॅच गुळगुळीत, टीव्हीवर मात्र कॅमेरा चेंडूमागे वळला की चित्र थरथरतं.
— वाचक, नेरूळ

उत्तर : लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ असणार. फोर-के चित्र तो सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळाच पाठवू शकतो. मॅच ५० फ्रेम्सची असेल तर दर सेकंदाला २० फ्रेम्स सरळ फेकल्या जातात. विंडोज आणि पी दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ करा. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रेझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवा आणि ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट ३० चा ६० करा. यादीत ५० दिसत असेल तर क्रिकेटसाठी तोच घ्या. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण २५ आणि ५० च्या हिशोबात चालतं. २५ चं चित्र ५० वर प्रत्येक वेळी दोनदा दिसतं. ६० वर मात्र काही फ्रेम्स दोनदा, काही तीनदा, आणि ते असमान पाऊल डोळ्याला खुपतं.

प्रश्न : आमची रो-हाउसची गल्ली. फायबर गच्चीगच्चीवरून आलं आहे. कॉम्प्युटर वायरने जोडलेला आहे, तरी रात्री आठनंतर गोल फिरतं. पावसात तर कधी दिवसाही.
— वाचक, कोपरखैरणे

उत्तर : तुम्ही वायर लावली आहे, म्हणून घरातलं वायफाय बाद. उरल्या तीन शक्यता.

पहिली तुमच्याच घरातली: अपलोड. सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग, किंवा सगळे घरी आल्यावर मोबाइलमधल्या फोटोंचा बॅकअप. डाउनलोड करतानाही कॉम्प्युटरला सतत ‘मिळालं, पुढचं पाठव’ असा निरोप वर द्यावा लागतो. वरची वाट फोटोंनी भरली की तो निरोप रांगेत अडकतो आणि चित्र थांबतं. एक संध्याकाळ बॅकअप बंद ठेवून पाहा, आणि जमलं तर तो रात्री दोननंतरचा लावा.

दुसरी म्हणजे गल्लीतल्या सामायिक लाइनवरची गर्दी. सलग तीन दिवस, सकाळी सात आणि रात्री साडेनऊला, वर सांगितलेली ८.८.८.८ ची चाचणी करा. सकाळी स्वच्छ आणि रात्री गळती असेल तर दोष कंपनीच्या बाजूला आहे.

पावसात बिघडतं, त्यामुळे तिसरी शक्यता मला सर्वांत दाट वाटते: फायबरवरचा प्रकाश कमी पोचतो आहे. भिंतीवरच्या डब्यात येणारी पिवळी किंवा पांढरी बारीक वायर चपलांच्या स्टँडमागे दाबली गेली आहे का, बघा. तिला करंगळीएवढा घट्ट वळसा पडला तरी प्रकाश गळतो; वळण वाटीच्या काठाएवढं मोठं ठेवा. डब्याच्या खाचेत हिरवी क्लिप असेल तर वायरही हिरव्या टोकाचीच हवी. निळी तिथे बसते खरी, पण तिचं टोक वेगळ्या कोनात घासलेलं असतं आणि सिग्नल पडतो. क्लिप काढलीत तर तिच्या टोकाला बोट लावू नका आणि आत डोकावून पाहू नका. तो लेझर डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करतो.

केबलवाल्या दादांना बोलवाल तेव्हा ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका, पॉवर मोजायला सांगा. मीटरवर उणे २० च्या आसपास आकडा आला तर छान. उणे २७ च्या पलीकडे गेला तर जोड पुन्हा करायलाच हवा. गच्चीवरचा जोडाचा डबा त्यांच्यासोबत उघडून बघा. झाकणाचं रबर सुटून आत पाणी साचलेलं असेल तर डबा बदलायचा, आणि वायर वरून न घेता खालून वळसा देऊन आत घ्यायची, म्हणजे पाणी वळशावरूनच ठिबकून जातं. पहिल्या पावसाआधी हे काम उरकून घ्या. एकदा सरी सुरू झाल्या की ओल्या गच्चीवर फायबर जोडणं त्यांनाही जमत नाही.